अजब बंगला ते गवळ्यांचे दगड : कास्तकाराचा इतिहास कुठं ठेवलाय?



सोयाबीन निघालं, कपाशीची पहिली वेचणी झाली आणि हरभऱ्याच्या वावरात वाफसा यायला आठ-दहा दिवस होते. त्या मधल्या दिवसांत यंदा एक काम उरकलं. नागपूर आणि वर्ध्याकडची संग्रहालयं पाहून आलो. शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी ती पाहिलेली असतात, पण तेव्हा लक्ष डब्यातल्या शंकरपाळ्यांवर असतं. या वेळी एकच प्रश्न खिशात घेऊन फिरलो. राजे आहेत, देव आहेत, पेंढा भरलेला वाघही आहे. पण या जिल्ह्याची काळी माती ज्यानं अडीच-तीन हजार वर्षं उलथीपालथी केली, तो कास्तकार यात कुठं आहे?

सापडतो. पण त्याच्या नावाची पाटी नसते. दुसऱ्याच कोणाच्या पाटीमागं तो उभा असतो, तिथून त्याला हुडकून काढावं लागतं. काय काय हाती लागलं ते लिहितो. शेवटी आपल्या गावचा विषय आहे, तो मुद्दाम शेवटी ठेवलाय.

अजब बंगला

सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचं. खेड्यावरून येणाऱ्या माणसाला तिथं सगळंच नवल, म्हणून लोकांनी त्याचं नाव अजब बंगला पाडलं आणि तेच टिकलं. आजही ऑटोवाल्याला सरकारी नाव सांगितलं तर तो विचारात पडतो. अजब बंगला म्हटलं की गाडी सुरू.

ते १८६३ सालीच का निघालं, हे समजून घेण्यासारखं आहे. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले. दत्तक मान्य न करता इंग्रजांनी १८५४ मधे नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६१ मधे मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी. १८६२ मधे रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर म्हणून आला. नव्या धन्याला आधी काय लागतं? वावर विकत घेतल्यावर आपण काय करतो? बांध फिरतो, विहिरीत डोकावतो, माती मुठीत घेऊन पाहतो. इंग्रजांनी तेच केलं. या मुलखात काय पिकतं, जमिनीखाली काय आहे, डोंगरात कोण राहतं, याची नोंद त्यांना हवी होती. संग्रहालय म्हणजे त्या नोंदवहीचं कपाट. दोनच वर्षांनी, डिसेंबर १८६५ मधे, टेंपलनं नागपुरात कलाकुसर, कारखानदारी आणि शेतमालाचं मोठं प्रदर्शन भरवलं.

त्या सालांकडं जरा पाहा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं. तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्या उपाशी पडल्या. सगळ्यांच्या नजरा वऱ्हाड-नागपूरच्या कापसाकडं वळल्या. हिंगणघाटच्या कापसाचं नाव तेव्हा विलायतेच्या बाजारात घेतलं जात होतं. म्हणजे अजब बंगल्याच्या पायाभरणीच्या काळात हवेत कापूसच होता. पाटीवर तो दिसत नाही, एवढंच.

आत गेलात तर एका माणसाचं नाव ध्यानात ठेवा. स्टीफन हिस्लॉप. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे तेच. स्कॉटलंडचा हा पाद्री १८४५ मधे नागपूरला आला. शाळा चालवायचा, गोंडी भाषा आणि गाणी टिपून घ्यायचा आणि फावल्या वेळात दगड फोडत हिंडायचा. नागपूरजवळच्या टाकळीला त्याला दगडाच्या थरांत गोड्या पाण्यातले शंख-शिंपले आणि वनस्पतींचे ठसे सापडले. वर लाव्हाचा थर, खाली लाव्हाचा थर आणि मधे तळ्याचा गाळ. याचा अर्थ असा की दोन लाव्हांच्या मधल्या काळात इथं पाणी साचलं होतं, त्यात गोगलगाई होत्या, काठाला झाडं होती. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्या लाव्हाचाच दगड झिजून आपली काळी माती झाली. आपण ज्यात पराटी लावतो, तिचा सातबारा टाकळीच्या त्या थरात आहे.

हिस्लॉपचा शेवट मात्र वाईट झाला. ४ सप्टेंबर १८६३. बुटीबोरीकडच्या टाकळघाटला जुनी शिळावर्तुळं आहेत, तिथलं खोदकाम पाहून तो परत येत होता. नाल्याला पूर होता. त्या पुरात तो बुडाला. ज्या वर्षी संग्रहालय निघालं त्याच वर्षी. सप्टेंबरातला आपल्याकडचा नाला काय असतो, हे तुम्हाला सांगायला नको.

गुराख्यांनी काढलेलं तांबं

याच संग्रहालयाशी जोडलेली दुसरी गोष्ट गुंगेरियाची. बालाघाट जिल्ह्यातलं हे गाव तेव्हा मध्य प्रांतात होतं. १८७० मधे गुरं चारणाऱ्या पोरांना जमिनीतून काही तरी वर आलेलं दिसलं. उकरलं तर तांब्याची हत्यारं निघाली, ४२४. सोबत चांदीचे १०२ पातळ तुकडे, काही गोल, काही शिंगं असलेल्या बैलाच्या मुखवट्यासारखे. नुसत्या तांब्याचंच वजन ८२९ पौंड, म्हणजे पावणेचारशे किलोच्या आसपास. तांब्याच्या हत्यारांचा एवढा मोठा साठा एका जागी मिळणं ही देशातली मोठी गोष्ट मानली जाते. त्यातल्या बऱ्याच वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधे गेल्या, काही नागपूरला राहिल्या.

मला यातून दोन गोष्टी भावल्या. एक म्हणजे ते बैलाचे मुखवटे. चार हजार वर्षं जुनी म्हणा की थोडी कमी, चांदीसारखी महाग वस्तू हातात आल्यावर त्या माणसानं तिचं काय केलं, तर बैल केला. आपल्याकडं तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल पिढ्यान्पिढ्या जपून ठेवतात, त्याच रांगेतला हा मला वाटला. दुसरी गोष्ट म्हणजे साठा सापडला तो गुराख्यांना. पुस्तकातून त्यांची नावं नाहीशी झाली, गावाचं नाव तेवढं राहिलं.

कापूस कमिशनर आणि दगडांची कडी

नागपूरहून काटोल रोडला लागलं की जुनापाणी लागतं. तिथं दगडांची गोल कडी आहेत, एक-दोन नाही, शेकड्यांनी. मोठमोठे दगड गोलात मांडलेले, मधे मुरूम-मातीचा उंचवटा. या कड्यांतलं पहिलं गाजलेलं खोदकाम १८६७ च्या सुमारास झालं ते रिव्हेट-कार्नॅक नावाच्या अधिकाऱ्याचं. याचा हुद्दा काय असावा? कॉटन कमिशनर! कापसाची बी, गाठी, बाजार आणि रेल्वे पाहायला नेमलेला माणूस. कापसासाठी गावोगाव फिरताना त्याला ही कडी दिसली. आपल्या जिल्ह्याच्या सगळ्यात जुन्या इतिहासाचं दार उघडलं ते कापसाच्या कामावर असलेल्या माणसानं.

गावकऱ्यांना विचारलं तर तेव्हाही उत्तर एकच यायचं: हे गवळ्यांचे दगड. आमच्याकडंही तेच नाव आहे.

ही कडी म्हणजे लोहयुगातल्या माणसांच्या दफनाच्या जागा. इसवी सनाच्या आधी सात-आठशे वर्षांच्या आसपासचा काळ धरतात. १९६८-६९ मधे नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा इथं उत्खनन केलं, पुढं माहुरझरीला केलं. माहुरझरीला घोडे पुरलेले सापडले, त्यांच्या तोंडावर तांब्याचे साज. कडक दगडाचे सुंदर मणी सापडले. आणि लोखंड सापडलं, भरपूर. कुऱ्हाडी, वाकस, छिन्न्या, खंजीर, पळ्या. पारशिवनीकडं पेंचच्या काठी नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. म्हणजे लोखंड बाहेरून आणलेलं नव्हतं. इथलाच खनिज दगड, इथलाच कोळसा, इथलाच भाता.

मला सर्वांत जास्त आवडलं ते भागीमोहरीचं धान्य. हेही नागपूर जिल्ह्यातलंच लोहयुगाचं गाव. तिथं मातीत जळून कोळसा झालेले दाणे मिळाले, आणि अभ्यासकांनी ते ओळखले: भात, गहू, जव, मसूर, वाटाणा, उडीद. राजाचं नाव नाही, लढाई नाही. पण खरिपात काय होतं आणि रब्बीत काय होतं, हे कळतं. दोन हंगाम घेणारा माणूस अडीच हजार वर्षांपूर्वी इथं होता. मला वाटतं, कास्तकाराच्या इतिहासाचा पहिला पक्का कागद हाच. फक्त तो जळालेल्या दाण्यांवर लिहिलेला आहे.

ताम्रपटात लपलेला वेठबिगार

पुढं सातआठशे वर्षांनी वाकाटक राजे आले. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे त्यांची नंदिवर्धन राजधानी. त्यांचे ताम्रपट वाचून छापण्यात नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांचं आयुष्य गेलं. वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा मोठा ग्रंथ १९६३ मधे निघाला.

ताम्रपट म्हटलं की आपल्याला वाटतं, राजाची स्तुती असणार. ती असतेच. पण खालचा भाग वाचा. अचलपूरजवळच्या चम्मक गावी सापडलेला दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. राजानं आठ हजार भूमी एवढी जमीन एक हजार ब्राह्मणांना दिली. आणि मग या गावाला काय काय माफ, ते ओळीनं लिहिलं. गाव गाई-बैल पुरवणार नाही. फुलं आणि दूध देणार नाही. चारा, बसायला कातडी आणि कोळसा देणार नाही. मीठ खणण्याची सक्ती नाही. शिपाई गावात शिरणार नाहीत. वेठबिगार नाही.

आता ही यादी उलटी वाचा. दान न दिलेल्या बाकीच्या सगळ्या गावांना हे सगळं भरावं लागत होतं! राजाचा माणूस मुक्कामाला आला की त्याच्या घोड्याला चारा, त्याच्या बुडाखाली कातडं, त्याच्या चुलीला कोळसा, त्याच्या वाटीत दूध, आणि वर फुकटची मजुरी. साहेबाच्या दौऱ्यात कोंबडं कोणाच्या घरचं कापलं जायचं, हे आमच्या आबाजींच्या पिढीला माहीत होतं. सूट देणाऱ्या कागदावरूनच ओझं किती होतं ते कळतं. कर्जमाफीच्या यादीवरून जसं कळतं, तसंच.

मातीचं संग्रहालय आणि छोटी रेल्वे

अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्था आहे. तिथं मातीचं संग्रहालय आहे, हे आपल्यातल्या कितीकांना माहीत असेल? जमिनीचा वरपासून खालपर्यंत उभा काप घेऊन तो जसाच्या तसा बसवून ठेवतात. वेगवेगळ्या प्रांतांतल्या माती शेजारीशेजारी. कास्तकारानं बघावंच असं हे ठिकाण आहे, परवानगी विचारून जावं. आपण माती वीतभर ओळखतो, तिथं ती पुरुषभर दिसते. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती त्यात खाली जाते, पावसात फुगते आणि खालची वर ढकलली जाते. माती स्वतःच स्वतःला वखरते. जुन्या वस्तू आपल्या वावरात अधूनमधून वर का येतात, याचंही एक कारण तेच.

मोतीबागेत, कडबी चौकाकडं, नॅरो गेज रेल्वे संग्रहालय आहे. १४ डिसेंबर २००२ ला सुरू झालं. छोटी इंजिनं, डबे, कंदील, तिकिटं. पोरांना घेऊन जा, खूश होतात. पण आपल्यासाठी त्याचा अर्थ वेगळा आहे. मुंबईहून येणारी मोठी रेल्वे १८६७ मधे नागपूरला पोचली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्यांनी गिरणीसाठी नागपूर निवडलं, कारण कापूस इथं होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतानं सोसले. त्यानंतरच्या वर्षांत, १९०३ ते १९०५ मधे, गोंदिया-नैनपूर-जबलपूर ही अडीच फुटी रेल्वे सातपुड्यातून गेली. नागपूर-छिंदवाडा, नागपूर-नागभीड याही तशाच छोट्या रेल्वे. नागभीडची गाडी रूळ रुंद करायच्या कामासाठी नोव्हेंबर २०१९ मधे थांबली. त्या गाडीनं भाजीच्या टोपल्या, धानाची पोती, बकऱ्या आणि लग्नाचं वऱ्हाड सगळं एकाच डब्यातून आलं-गेलं. एम्प्रेस मिलच्या जागेवर आता मॉल आहे. इंजिन जपून ठेवलं गेलं. टोपलीवाली बाई मात्र कुठल्या पाटीवर नाही.

वर्ध्याचं मगन संग्रहालय

३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी याचं उद्घाटन केलं. नाव मगनलाल गांधींचं. खादीचं तंत्र सुधारण्यात त्यांनी आयुष्य घातलं आणि १९२८ मधे ते वारले. इथं वस्तू ठेवल्या त्या ‘बघा, जुनं किती छान होतं’ असं सांगायला नाही. चरखा होता तो कसा, सुधारला तो कसा, गावातला माणूस हे उद्या घरी करू शकतो का, हे दाखवायला ठेवल्या. १९२९ मधे चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं, त्या काळचे एक लाख! अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ आणि त्याचे जे. सी. कुमारप्पा यांचा विचारही हाच: गावाची अवजारं ही लाजायची वस्तू नाही, सुधारायची वस्तू आहे.

माझ्या लेखी या सगळ्या फेरीतली कामाची कल्पना इथं मिळाली. संग्रहालय मेलेल्या वस्तूंचंच असावं, असं काही नाही.

सास्काचेवानचा कास्तकार काय करतो

माझा एक भाचा कॅनडात सास्काचेवानला असतो. मैलोन्मैल सपाट प्रदेश, डोळ्याला आडवं काही येत नाही. आपल्या बाजारात येणारी मसूर आणि पिवळा वाटाणा यांतला बराच माल तिकडचा. म्हणजे भागीमोहरीला अडीच हजार वर्षांपूर्वी पिकणारी मसूर आज आपण जहाजानं आणतो! असो, तो वेगळा विषय.

भाचा तिथली संग्रहालयं फोनवर दाखवतो. वेस्टर्न डेव्हलपमेंट म्युझियम म्हणून एक संस्था आहे, १९४९ सालची, चार गावांत तिच्या शाखा. ट्रॅक्टर आणि कंबाइन आल्यावर जुनी वाफेची इंजिनं, मळणी यंत्रं भंगारात निघाली. काही लोकांच्या लक्षात आलं की हे गेलं तर आपले बाप-आजे कसे जगले ते सांगायलाच काही उरणार नाही. त्यांनी ती गोळा केली. आज तिथं जुनी यंत्रं दुरुस्त करून चालू ठेवतात आणि सणाच्या दिवशी प्रत्यक्ष मळणी करून दाखवतात. त्याखेरीज छोट्या छोट्या गावांची स्वतःची संग्रहालयं आहेत. बंद पडलेली एकखोली शाळा, जुनं स्टेशन, लाकडी धान्यकोठार, त्यातच मांडलेल्या गावच्या वस्तू. चालवतात गावातलीच म्हातारी माणसं.

पण तिथली एक उणीवही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८७२ च्या कायद्यानं तिथं दहा डॉलर फी भरून १६० एकर जमीन मिळायची, पाच-दहा एकर नाही. ही जमीन आली कुठून? क्री आणि इतर मूळ लोकांची ती भूमी, गव्यांच्या कळपांमागं फिरणारी माणसं. नांगरणाऱ्यानं बांधलेल्या संग्रहालयात बरीच वर्षं इतिहास पहिल्या नांगरटीपासूनच सुरू व्हायचा. आता ते लोकही आपली बाजू मांडतात, पाट्या बदलतात.

आपल्याला यातून शिकायचं ते हे. उद्या आपण गावात एक खोली केली आणि त्यात पाटलाच्या वाड्याची तलवार, पगडी आणि पितळी समई मांडली, तर ते गावाचं संग्रहालय होणार नाही. मोट कोणी शिवली? दोर कोणी वळला? फाळ कोणी पाजवला? तिफणीमागं ओटी बांधून चाड्यावर मूठ कोणी धरली? आमच्याकडं पेरणीला मूठ बाईच धरायची. बी दोन बोटांतून किती सुटावं, हे तिच्या हाताला ठाऊक. तिफण भिंतीला टांगली आणि त्या हाताचं नाव लिहिलं नाही, तर नुसतं लाकूड टांगल्यासारखं होईल.

आता आपल्या गावचं

आमच्या शिवारात लहानपणी गवळ्यांच्या दगडांची तीन कडी होती. एक मुरमासाठी गेलं. रस्त्याचं काम निघालं, ठेकेदाराचं मशीन आलं, अर्ध्या दिवसात सपाट. दुसऱ्याचे दगड विहिरीच्या बांधकामात बसले. तिसरं अजून आहे, माझ्या चुलत भावाच्या वावरात, कडुनिंबाजवळ. त्याला त्या तुकड्यात संत्रा लावायचा आहे. यंदा उन्हाळ्यात खड्डे घ्यायचे आणि त्याआधी जेसीबी लावून दगड धुऱ्यावर ढकलायचे, असा त्याचा बेत.

मी विषय काढला तर तो म्हणाला, "दादा, दगड दाखवले का सरकार आलंच समज. मंग वावर माह्या बापाचं राहते का?"

त्याला हसू नका. ही भीती खेड्याखेड्यात आहे आणि हीच भीती जेसीबीपेक्षा जास्त दगड उखडते. म्हणून मी कायदा पाहिला. जिल्ह्यातली कित्येक शिळावर्तुळं केंद्राच्या संरक्षित यादीत आहेत. यादीतल्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमधे परवानगी लागते, हे खरं. पण ही अट बांधकामाची आहे. आणि १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यात १९ व्या कलमात साफ लिहिलंय की संरक्षित क्षेत्रातही एक फुटापेक्षा खोल खोदाई होत नसेल तर शेती करायला मनाई नाही. एक फूट! म्हणजे आपला वखर, डवरा, तिफण यांतलं काहीच त्या कायद्याला टोचत नाही. टोचतो तो संत्र्याचा खड्डा आणि जेसीबीचा दात. आमचं कडं तर कुठल्या यादीतही नाही. त्यामुळं त्याला हात लावायचा की नाही, हे शेवटी आमच्याच हातात आहे.

दुसरा कायदा १८७८ चा, जमिनीत सापडलेल्या धनाचा. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. मालक कोणी निघाला नाही आणि सापडवणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. सरकारनं वस्तू ठेवून घेतली तर किंमत आणि वर पाचवा हिस्सा जास्त द्यायचा. लपवलं तर मात्र हिस्साही गेला आणि शिक्षाही. गुंगेरियाच्या पोरांच्या वेळी हा कायदा नव्हता.

मग मी भावाच्या वावरात जाऊन ते कडं पावलांनी मोजलं. आडवं वीस पावलं, म्हणजे पंधरा मीटर धरा. क्षेत्रफळ पावणेदोन गुंठे. संत्रा सहा बाय सहा मीटरवर लावला तर एका झाडाला छत्तीस चौरस मीटर. हिशेब केला: पाच झाडं. सगळा प्रश्न पाच झाडांचा आहे. एका बाजूला पाच संत्री, दुसऱ्या बाजूला या शिवारात पहिल्यांदा लोखंडाची कुऱ्हाड चालवणाऱ्या माणसाची जागा.

पाच झाडांचं उत्पन्न कमी नाही, आणि ते माझं नाही, त्याचं आहे. म्हणून फुकटचा उपदेश केला नाही. माझ्या धुऱ्यालगतची तेवढीच पट्टी त्याला वहितीला देतो, असं सांगितलं. तो "पाहू" म्हणाला. बायकोला विचारतो म्हणाला. अजून ठरलं नाही. हरभरा पेरून झाला की बसणार आहोत.

तोवर आम्ही चारपाच जणांनी एक काम सुरू केलंय. ग्रामपंचायतीची एक जुनी खोली रिकामी आहे, ती मागितली आहे. माळ्यावरचं, गोठ्यातलं जे भंगारात किलोवर जाणार आहे, ते आधी तिथं आणायचं. नांगर, वखर, डवरा, तिफण, सरता, जू, बैलांची मुसकी, मोटेचं चाक, पायली, कुडव, रेंगीची चाकं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर चार गोष्टी: आपल्या गावात याला काय म्हणतात, कोणी घडवलं, कोणी वापरलं, कधी सुटलं. पास, रुमणं, हळस, चाडं ही नावं पुढच्या पिढीला पुस्तकात मिळणार नाहीत. गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात आहेत तोवर लिहून घ्यायची. मोबाइलवर आवाज भरून घेतला तरी चालेल.

तुम्हीही करू शकता, पैसा लागत नाही. वावरात वेगळं खापर, मणी, लोखंडाचा तुकडा दिसला तर धुवू नका, घासू नका. जागा लक्षात ठेवा, जागेचा फोटो काढा. वस्तूपेक्षा ती कुठं मिळाली हे जास्त मोलाचं असतं. आणि दगडांचं कडं असेल तर निदान पावलांनी मोजून वहीत लिहा.

तुमच्या शिवारात गवळ्यांचे दगड आहेत का, तुमच्याकडं त्यांना काय म्हणतात, आणि माळ्यावर काय पडून आहे, ते कळवा. हरभऱ्याला वाफसा आलाय, उद्या सकाळी तिफण जोडतोय. बाकी पुढच्या नोंदीत.